हाताशी असलेली बंदूक

रेल्वेच्या डब्यातून खांद्याला रायफल अडकवलेला जवान फिरताना दिसला, की आपल्याला हायसे वाटते. रात्रीचा प्रवास, सोबत बायकामुले, बाकाखाली सरकवून ठेवलेल्या पिशव्या. आणि आपल्यासाठी कुणीतरी जागा आहे या भरवशावर आपण डोळे मिटतो. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबई सेंट्रलकडे येणाऱ्या एक्स्प्रेसमधील प्रवासीही असेच निजले होते. पाचच्या सुमारास, गाडी पालघरच्या परिसरातून धावत असताना, त्यांच्याच रक्षणासाठी नेमलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आधी आपले वरिष्ठ, साहाय्यक उपनिरीक्षक टीकाराम मीना यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि मग एकामागून एक डबे ओलांडत तीन प्रवाशांना ठार केले, असा त्याच्यावर आरोप आहे. तिघेही प्रवासी मुस्लिम होते. मृतदेहाशेजारी उभे राहून त्याने केलेल्या वक्तव्याची चित्रफीत पुढे देशभर फिरली. मीरा रोडजवळ गाडी थांबल्यावर तो रुळांवर उतरून पळाला आणि पकडला गेला.

या माणसाचे नाव मी लिहीत नाही. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ जणांचे प्राण घेणाऱ्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही, असे त्या देशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले होते. तो निर्णय मला पटलेला आहे आणि या लेखात मी तोच पाळला आहे. शिवाय दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम, माझे नव्हे. मला विचार करायचा आहे तो वेगळ्या गोष्टीचा.

पालघर, विरार, वसई, भाईंदर ही स्थानके आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांच्या रोजच्या वाटेवरची. म्हणून असेल, पण अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी वाचताना मनात जे अंतर राहते ते या वेळी राहिले नाही. घटनेनंतर वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती दोन वाटांनी गेली. एक पक्ष म्हणाला, तो मनोरुग्ण होता. दुसरा म्हणाला, हा द्वेष आहे, आजार नव्हे.

पहिल्या उत्तराविषयी मला मनापासून तक्रार आहे. मनाच्या व्याधीने पिचलेली माणसे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. मी त्यांच्या घरी जातो. त्यांतले बहुतेक कुणाच्या अंगावर हात टाकत नाहीत. उलट मार खातात, चेष्टा सोसतात, कोपऱ्यातल्या खोलीत दिवस काढतात. प्रत्येक हत्याकांडानंतर आपण त्यांच्याकडे बोट दाखवले, तर आधीच लाजेने दार लावून बसलेले ते घर आणखी एक कडी लावून घेते. दुसरे उत्तर अधिक जड आहे आणि त्यात तथ्यही आहे. द्वेष शिकवावा लागतो. तो विनोदांतून, भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशांतून, जेवणाच्या ताटावर सहज टाकलेल्या शेऱ्यांतून शिकवला जातो. आणि आपली घरे त्यातून सुटली आहेत असे समजण्याचे कारण नाही. या प्रकरणाच्या आरोपपत्रातही धर्माच्या आधारे वैर पसरवल्याचे कलम लावण्यात आले.

परंतु द्वेष लाखो लोक बाळगतात आणि मनाने लाखो लोक खचलेले असतात. ते सारे पहाटेच्या चहाआधी चार माणसे मारत नाहीत. त्या गाडीत तिसरी एक गोष्ट होती आणि ती सरकारी शिक्क्याची होती.

त्या शिपायाच्या एका सहकाऱ्याने पोलिसांना दिलेला जबाब तेव्हा प्रसिद्ध झाला होता. त्याप्रमाणे, आपल्याला बरे वाटत नाही, वाटेत उतरू द्या, असे त्या शिपायाने सांगितले होते. वरिष्ठांनी विचारपूस केली, नियंत्रण कक्षाशी बोलणे झाले, आणि मुंबई यायला दोनच तास उरले आहेत, तेवढी पाळी पूर्ण कर, असे ठरले. त्याला निजवण्यात आले, रायफल सहकाऱ्याने आपल्याकडे घेतली. काही वेळाने तो उठला, झटापट झाली आणि शस्त्र पुन्हा त्याच्या हाती गेले. वाचकहो, या जबाबातील ‘दोनच तास’ हे शब्द मला अजून सोडत नाहीत. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. कोणत्याही कचेरीत, कारखान्यात, रुग्णालयात रोज असेच बोलले जाते: अरे, थोडकेच राहिले आहे, निभावून ने. लेखनिकाला असे सांगितले तर फार तर एखादा आकडा चुकतो. येथे त्या माणसाची पाळी संपेपर्यंत त्याची रायफलही त्याच गाडीत, हात पोहोचेल अशा अंतरावर राहिली.

माझ्यापुरता मी निष्कर्ष काढला तो येथे. राग कुठून येतो याची चर्चा हवीच. पण राग आला त्या घटकेला हाताशी काय होते, हा प्रश्न निराळा आहे आणि कायद्याला हात घालता येतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाला.

हे मत मी कळंबला एका संध्याकाळी मांडले तेव्हा ते सहजासहजी मान्य झाले नाही. निमित्त होते अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातील बातमीचे. २७ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांसाठी मिस्सा चालू असताना बाहेरून खिडक्यांमधून गोळ्या झाडल्या गेल्या. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले दगावली, अनेक जखमी झाली. शाळा उघडल्यावरचा तो पहिलाच आठवडा होता. हल्लेखोराने शस्त्रे कायदेशीर मार्गाने विकत घेतली होती. पुढल्या रविवारी आम्ही त्या मुलांसाठी प्रार्थना केली आणि त्यानंतर चर्चच्या ओट्यावर दहा-बारा जण बोलत बसलो. माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा पहिलीत असताना शाळेत दिवे घालवून, दाराला कडी लावून, बाकांमागे गप्प बसण्याचा सराव करून आला आणि घरी आईला म्हणाला, मी सगळ्यांत शांत बसलो म्हणून मला शाबासकी मिळाली. हे मी सांगितले तेव्हा ओट्यावर कुणी काही बोलले नाही.

मग सैन्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, “फादर, मी पंधरा वर्षं बंदूक सांभाळली. एकदा रागानं चाप ओढला नाही. माणूस चांगला असला की बंदूक काही करत नाही.” त्यांच्या शिस्तीबद्दल मला आदर आहे आणि तसे मी बोललोही. महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलाने सांगितले की इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला तोच मुळी आपल्याला निःशस्त्र ठेवण्यासाठी. मग स्वतंत्र देशात नागरिकाला शस्त्राचा हक्क का नसावा? मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नव्हता. आमच्या या मुलखाला माथेरानच्या भाई कोतवालांचे नाव अजून ओठांवर आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात त्यांना आणि हिराजी पाटलांना पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आले. त्यांच्या दस्त्यापाशीही हत्यारे होती. प्रत्येक बंदूक सारखीच आणि प्रत्येक गोळी पापाचीच, असे आम्हा कर्जतकरांना सांगणे सोपे नाही. परंतु स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये आपला शस्त्र कायदा केला तेव्हा बंदूक हा हक्क न मानता परवान्याची बाब मानली. अमेरिकेने १७९१ मध्ये घटनादुरुस्ती करून जे बांधून घेतले, त्याचे ओझे आज तेथील लोकप्रतिनिधींना उचलवत नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत शंभर नागरिकांमागे सुमारे १२० बंदुका आहेत. भारतात पाचांच्या आसपास.

सर्वांत टोकदार आक्षेप शाळेतल्या बाईंनी घेतला. “फादर, चिकणपाड्यात कुठे बंदूक होती?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. २०२४ च्या गणेशोत्सवात आमच्या जवळच्या पोशीर-चिकणपाडा येथे एकाच घरातील तिघांचा खून झाला. त्यांत एक गर्भवती स्त्री होती, एक शाळकरी मुलगा होता. आरोप आहे तो नात्यातल्याच माणसावर आणि कारण सांगितले जाते ते घराच्या हिश्श्याचे. त्या दिवसांत या भागात मखरापुढे आरत्या होत होत्या, पण लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हते. बाईंचे म्हणणे खरेच होते. द्वेषाला बंदूक लागत नाही. काइनापाशीही नव्हती.

मी त्यांना एवढेच म्हणालो की, बंदूक नसली की खून थांबतात असे माझे म्हणणे नाही. हत्यार उगारणाऱ्याला जवळ जावे लागते. तेवढ्या वेळात कुणी ओरडतो, कुणी पळतो, कुणी हात धरतो, कधी कधी स्वतःचाच हात थरथरतो. रायफलीला हे काहीच लागत नाही. ती दोन डब्यांमधले अंतर पुसून टाकते. मिनियापोलिसच्या हल्लेखोराला तर त्या मुलांचे चेहरेही बघावे लागले नाहीत. बाईंनी मान हलवली. पटल्याची की न पटल्याची, मला सांगता येणार नाही.

आपल्या राज्यातली आणखी दोन प्रकरणे येथे नोंदवतो. दोन्ही २०२४ च्या फेब्रुवारीतली, सहा दिवसांच्या अंतराने घडलेली. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, तेव्हाच्या एका आमदारांनी जमिनीच्या वादातून प्रतिस्पर्धी पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्या. परवान्याचे शस्त्र आणि भोवती पोलीस. ८ फेब्रुवारीला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना एकाने आपल्या कचेरीत बोलावले, जुने वैर मिटल्याचे समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपणातून जगाला दाखवले आणि त्याच प्रक्षेपणात त्यांच्यावर गोळ्या झाडून नंतर स्वतःलाही संपवले. मारणारा नावाने ख्रिस्ती होता, हे आपल्या पत्रिकेत लिहायला हवे. दुसऱ्यांच्या घरातला द्वेष आपल्याला चटकन दिसतो म्हणून. ते पिस्तूल त्याचे नव्हते. परवाना होता त्याच्या अंगरक्षकाच्या नावे, तोही परराज्यातला.

आता या तिन्ही शस्त्रांकडे एकत्र पाहा. रेल्वेतली रायफल सरकारने दिलेली, उल्हासनगरचे शस्त्र परवान्याचे, दहिसरचे पिस्तूलही कुणाच्या तरी परवान्यावरचे. तिन्हींची नोंद कुठल्या ना कुठल्या वहीत होती. वहीत शस्त्राचा क्रमांक लिहिला जातो. ते बाळगणाऱ्याची या महिन्यात झोप उडाली आहे, तो कुणावर दात ओठ खातो आहे, किंवा पिस्तूल धन्याच्या खणात पडून असते, याचा रकाना त्या वहीत नाही.

याउलट आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांतील बहुतांश खून बेकायदा शस्त्रांनी होतात हेही खरे आहे, आणि परवान्याचे नियम कितीही कडक केले तरी गावठी कट्टा विकणारा परवाना विचारत नाही. हे वास्तव आमच्या तालुक्याच्या दारापर्यंत आले. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या संध्याकाळी, वांद्रे येथे माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे तपासात पोलिसांनी सांगितले की आरोपींनी गोळीबाराचा सराव केला तो कर्जत आणि खोपोलीच्या मधल्या पळसदरीच्या धबधब्यापाशी, रानात. पळसदरीला आमची मुले सहलीला जातात. पावसाळ्यात मुंबईकरांच्या गाड्यांची तेथे रांग लागते. त्या गर्दीतून काही तरुण रानात शिरले, गोळ्या झाडून परत गेले आणि तालुक्याला पत्ता लागला नाही. रानात आवाज झाला तर कुणीतरी डुकरामागे असेल, एवढाच आपण विचार करतो. ठासणीच्या जुन्या बंदुका येथल्या रानांना नव्या नाहीत. पालघर जिल्ह्यात २०२५ च्या आरंभी शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकाला रानडुक्कर समजून त्याच्याच सोबत्यांनी गोळी घातली, ही बातमी वाचकांना आठवत असेल.

मग कायद्याने काय साधते? जगातली उदाहरणे सरळ उत्तर देत नाहीत. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पुढल्याच वर्षी ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. त्याच १९९६ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी दोन आठवड्यांच्या आत सर्व राज्यांना एका करारावर आणले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका नागरिकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्या देशात सार्वजनिक ठिकाणी तेवढे मोठे हत्याकांड झाले नाही. आणि मग १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू बांधवांच्या सणाच्या मेळाव्यावर बाप आणि मुलाने गोळीबार केला. पंधरा निरपराध जीव गेले. बापाच्या नावे परवाना होता, सहा बंदुका नोंदलेल्या होत्या. कायद्याचे विरोधक म्हणतात, पाहा, काही उपयोग झाला नाही. मला वाटते, तीस वर्षे वाचलेले जीव मोजता येत नाहीत म्हणून ते हिशेबातून वगळणे अन्यायाचे आहे. तरीही बाँडीने एक गोष्ट उघडी पाडली. परवाना देताना माणूस तपासला, पण पुढल्या वर्षांत घराच्या आत काय शिजत गेले ते कुणी तपासले नाही.

अमेरिकेतले एक प्रकरण आईबापांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना मारले. बापाने ते पिस्तूल चारच दिवसांपूर्वी विकत आणले होते. मुलाने कागदावर काढलेली चित्रे पाहून शाळेने त्याच दिवशी सकाळी आईबापांना बोलावून घेतले होते. पण ते मुलाला घरी न नेताच परतले. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून कारावासाची शिक्षा देण्यात आली. तेथील अनेक राज्यांनी आता असाही कायदा केला आहे, की कुटुंबीयांनी किंवा पोलिसांनी न्यायालयात जाऊन, या माणसाची सध्याची अवस्था बरी नाही, त्याच्या बंदुका तूर्त काढून घ्या, असे सांगितले तर न्यायालय तसा आदेश देऊ शकते. अमेरिकेकडून बंदुकीच्या बाबतीत घेण्यासारखे फार थोडे आहे; हे मात्र घ्यावे.

आपल्याकडे असे काही नाही का? आहे, पण झोपलेले आहे. शस्त्र कायद्यात परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे. आपले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून ठेवण्याची सोय आहे. २०१६ च्या नियमांनी वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आणली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली, लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात बार काढणाऱ्यांना तुरुंगाची तरतूद झाली. हे चांगलेच झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. खेटे वाचले, कारकुनाचा ताण कमी झाला. आणि परवानाधारकाकडे सरकारने पुन्हा नजर टाकण्याची वेळ दोन वर्षांनी लांबली. पाच वर्षांत माणसाचे काय काय होते! धंदा बुडतो, बायको जाते, भावाशी दावा लागतो, दारू लागते.

निवडणूक आली की आपलीच यंत्रणा काय करते पाहा. आचारसंहिता लागताच परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये लोकसभेला निघाले, विधानसभेला पुन्हा निघाले. परवानाधारक चडफडतात, पण नेऊन देतात. म्हणजे सज्जन माणसापाशीही, वातावरण तापलेले असताना बंदूक असू नये, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग ते मतपेटीपुरतेच का? जमिनीचा दावा उभा राहिला, घरात मारहाणीची तक्रार गेली, दारूपायी नोकरी गेली, तर ती बंदूक काही महिने ठाण्यात का जाऊ नये? आणि सरकारी शस्त्र बाळगणाऱ्या जवानाने ‘मला बरे वाटत नाही’ म्हटले, तर उरलेले तास न मोजता त्याची रायफल कुलपात आणि त्याला वैद्याकडे पाठवावे, त्यात त्याची बदनामी होऊ नये, एवढा नियम का असू नये?

शिक्षेच्या भाषेपेक्षा मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची स्वसंरक्षणाची मीमांसा घासून पाठ केली होती: जीव वाचवण्यापुरते बळ न्याय्य, त्याहून अधिक नाही. शस्त्रांची निर्मिती आणि विक्री यांचे नियमन हा शासनसंस्थेचा अधिकार आणि कर्तव्य आहे, असे १९९२ च्या आपल्या धर्मशिक्षण-ग्रंथातही सांगितले आहे. पण वर्गात न सुचलेला एक विचार अलीकडे पवित्र आठवड्याच्या वाचनांत मला सुचतो. गेथशेमाने बागेतला पेत्र हिंसक माणूस नव्हता. जाळी विणणारा, उतावळा, प्रेमळ कोळी. त्या रात्री झोप झालेली नव्हती, भीती होती, आणि कमरेला तलवार होती. म्हणून मल्खाचा कान गेला. कानावर निभावले, कारण ती तलवार होती आणि पेत्राला ती नीट चालवता येत नव्हती.

हे सगळे माझ्यासाठी नुसते वाचनातले राहिलेले नाही. गेल्या भाद्रपदात आमच्या धर्मग्रामातले एक शेतकरी माझ्याकडे आले. भात पोटरीला आले होते आणि रानडुकरांनी एका रात्रीत अर्धे शेत नांगरल्यासारखे केले होते. पीक वाचवण्यासाठी बंदुकीचा परवाना हवा म्हणून अलिबागला, जिल्हाधिकाऱ्यांकडे, ते अर्ज करणार होते.

“फादर, तुमचं एक पत्र जोडलं तर बरं. माणूस कसा आहे, एवढंच लिहा.”

मी विचारले, “डुकरं किती महिने येतात?”

“दोन-अडीच.”

“आणि बंदूक?”

ते माझ्याकडे बघत राहिले. “ती घरातच राहील. कपाटात, कुलूप लावून.”

“किल्ली कुणाकडे?”

“माझ्याकडंच की.”

माणूस कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, दर रविवारी मिस्साला असतो. पण धाकट्या भावाशी त्यांचा बांधावरून दावा चालू आहे. दोन वर्षांपूर्वी कुदळी उगारण्यापर्यंत पाळी गेली होती. हे मला पापनिवेदनातून कळलेले नाही. ते चावडीवर घडले आहे आणि साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हणालो, बांधाचा निकाल लागेपर्यंत मला पत्र देता येणार नाही. वनखात्याकडे नुकसानीचा पंचनामा करून घ्यायला मी बरोबर येतो. दोघा भावांची शेते लागून आहेत. सौरकुंपण मिळून घातले तर खर्च अर्ध्यावर येईल, त्यासाठी धाकट्याशी मी बोलतो.

त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे मी माझ्या भावाला मारीन, असं वाटतं तुम्हाला?”

“वाटत नाही. चिकणपाड्यातही कुणाला वाटलं नव्हतं.”

ते चहा तसाच टाकून उठले. नाताळपर्यंत मिस्साला त्यांची बायको आणि मुले येत, ते येत नसत. धाकटा भाऊ कुंपणाला तयार झाला. थोरल्याने अजून हो म्हटलेले नाही. अर्जाला त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी पत्र जोडले आहे. पोलीस चौकशीसाठी गावात येतील तेव्हा त्यांनी मला विचारले, तर माणूस चांगला आहे हे मी सांगेन आणि बांधाची गोष्टही सांगेन. तसे मी त्यांना घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर, आधीच सांगून आलो आहे.